राग उतरवायचा प्रकल्प: धायरीतल्या वर्कशॉपमधल्या नोंदी, खर्चासकट

माझं पुण्यात धायरीला छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक म्हातारी मिलिंग, एक सीएनसी टर्निंग, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ, जिचे हप्ते अजून चालू आहेत, आणि मला धरून सहा माणसं. वय ४८. ‘आमच्या घराण्यातच राग आहे’ हे मी इतकी वर्षं सांगत आलो की लोक ते रक्तगटासारखं लक्षात ठेवायला लागले होते. खालच्या नोंदी वहीतून उतरवल्यात, थोड्या छाटल्यात. कोणाला हेच काम करायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस तरी त्याचे वाचतील. थिअरी मला येत नाही.

१३ जानेवारी २०२५, सोमवार, भोगी

१४० बुश (मधे भोक असलेल्या छोट्या गोल नळ्या) स्क्रॅप. बोअर म्हणजे आतलं भोक, तो ३२ एमएमचा केला, कस्टमरला ड्रॉइंगच्या नवीन रिव्हिजनप्रमाणे ३० हवा होता. बोअर मोठा झाला की विषय संपतो, आत माल परत भरता येत नाही. २३५ रुपये नग धरला तर ३२,९०० गेले.

सकाळी कस्टमरच्या पर्चेसवाल्याने फोनवर झापलं होतं, तिथून सरळ शॉपवर गेलो. मशीनवर जॉब लावून देणारे सेटर अण्णा सीएनसीपाशी उभे. बाबांच्या काळापासून आहेत, २२ वर्षं. मी सगळ्यांसमोर सुरू झालो. ते दोनदा म्हणाले नवीन ड्रॉइंग मिळालं नाही, मी म्हटलं मेल आठवड्यापूर्वी आलाय, तुला दिसत नाही का, डोळे फुटलेत का तुझे. चार वाजताच त्यांनी डबा उचलला आणि गेले. डबा जड होता, म्हणजे जेवलेच नव्हते, भोगीची भाजी तशीच असणार.

संध्याकाळी मेल उघडून बघितला. रिव्हिजन ६ तारखेला आलेली, फक्त मला. प्रिंट मीच काढली नव्हती.

१४ जानेवारी, संक्रांत

अण्णा आले नाहीत. दरवर्षी तिळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा त्यांच्या घरून येतो, तोही नाही. फोन उचलला नाही म्हणून मेसेज टाकला, ‘उद्या या, बोलू’. ही चूक नंबर एक. त्यात माफी कुठेच नव्हती, नुसतं बोलावणं होतं, ते पण मालकाचं.

रात्री बायको म्हणाली, “आणि ते इगतपुरीचं काय झालं मग?”

इगतपुरीचं असं झालं की २०२२ मध्ये मी धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, मोबाईल जमा, बोलणं बंद, पहिले तीन दिवस फक्त नाकाखालच्या एवढ्याशा जागेवर श्वास बघायचा आणि चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात. फी नाही, शिबिर पुरं केल्यावरच दान घेतात. मला एक गोष्ट फार आवडली होती, शिकवणारे सत्यनारायण गोयंका मूळचे व्यापारी, मायग्रेनने हैराण होऊन १९५५ मध्ये ज्यांच्याकडे गेले ते ऊ बा खिन म्यानमारचे अकाउंटंट जनरल. म्हणजे धंदेवाल्याने हिशेबवाल्याकडून शिकलेली विद्या, आपल्या कामाची. अकराव्या दिवशी इतका हलका होऊन निघालो की काय सांगू, आणि चाकणला ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो तेव्हा एका टेम्पोवाल्याला काच खाली करून जे बोललो ते बायकोने फोनवर ऐकलं. घरी आल्यावर बसणं चार दिवस टिकलं, ‘मी शिबिर केलंय’ हे सांगणं मात्र अडीच वर्षं टिकलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज लाईट नाही, म्हणून वेळ आहे. जॉब रिजेक्ट झाला की आमच्याकडे रजिस्टरला नोंद होते, तारीख, मशीन, नग, कारण. कारणात कोणी ‘ऑपरेटरची चूक’ लिहिलं तर मी परत पाठवतो, ते कारण नाही, तो आरोप झाला. तसंच रजिस्टर स्वतःचं सुरू केलं. रकाने: वेळ, कुठे, कोणावर, त्याआधी अंगात काय झालं.

दिवसभरात तीन नोंदी. चौथा रकाना तिन्हीत कोरा. राग आलाय हे मला कळलं तेव्हा आवाज आधीच वर गेलेला.

१९ जानेवारी, रविवार

चार दिवसांचा माझा आकडा ६. कौतुकाने बायकोला दाखवला तर तिने फ्रिजशेजारचं कॅलेंडर दाखवलं, ती पण टिंब देत होती, न सांगता. तिचा आकडा १४, आणि त्यात शॉपवरचे नव्हतेच. तिने टोमणे धरलेत, दार आपटणं धरलंय, जेवताना न बोलणं धरलंय. मी म्हटलं अबोला म्हणजे राग नव्हे. “मग काय मौनव्रत?”

स्वतःच्या मालाचं इन्स्पेक्शन स्वतः केलं की असंच होतं. यापुढे दोन्ही आकडे लिहायचे. हे काम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी घरातलं एक माणूस इन्स्पेक्टर म्हणून नेमावं, माझे तीन दिवस फुकट गेले.

२३ जानेवारी, गुरुवार

दहापर्यंत आकडे मोजायचा उपाय बंद. पाच वेळा करून बघितला, पाचही वेळा मोजत असताना मी वाक्याला धार लावत होतो, आणि दहा झाल्यावर जे बाहेर पडलं ते न मोजता पडलं असतं त्यापेक्षा जास्त लागणारं होतं.

मोबाईलवर दर तासाला घंटा वाजवून ‘भानावर या’ सांगणारं ॲप पण काढलं, ४९९ रुपये गेले. कस्टमरकडे मीटिंगमध्ये वाजलं आणि सगळ्यांना वाटलं कोणीतरी पूजा लावलीय.

२७ जानेवारी, सोमवार

बसणं परत सुरू, पहाटे साडेपाच, वीस मिनिटं, फक्त श्वास. सध्या आमच्या सिंहगड रोड भागात जीबीएसच्या, म्हणजे नसांच्या त्या आजाराच्या, पेशंटच्या बातम्या आहेत, पाण्यावर संशय आहे, त्यामुळे घरोघरी पहाटेपासून पाणी उकळणं चालू, वरच्यांची भांडी, टँकरचा हॉर्न, खाली टँकरवरून भांडण. आठव्या मिनिटाला मी डोळे मिटून टँकरवाल्यावर भडकलेलो.

पण इथेच चौथा रकाना पहिल्यांदा भरला, कारण उठून ओरडायची सोय नव्हती, बसून बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. क्रम असा निघाला: आधी उजवा जबडा घट्ट, मग कान गरम, मग पोट आत ओढलं जातं, आणि सगळ्यात शेवटी डोक्यात वाक्य तयार होतं. आजपर्यंत मला वाटायचं वाक्य आधी येतं, म्हणजे काहीतरी कारण असतं म्हणून राग येतो. जबडा कारणाची वाट बघत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

चालताना पण हे जमतं का म्हणून पर्वतीला गेलो. १०३ पायऱ्या, एका पायरीला एक श्वास, लक्ष पावलावर. तिसाव्या पायरीला सत्तरीच्या एक आजी शेजारून पुढे गेल्या. नंतर श्वास वगैरे काही नाही, मी आजींच्या मागे. वर पोचेस्तोवर छातीत कळ. कोणावर ओरडलो नाही म्हणून राग या सदरात बसत नाही, पण जबडा तोच घट्ट झाला होता. म्हणून रजिस्टरला पाचवा रकाना काढला, ‘काय राखायला गेलो’. आजची नोंद: तरुणपण.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लाईट नाही. तीन आठवड्यांच्या नोंदी काढून कोणावर किती ते मांडलं, रिजेक्शनचं मांडतो तसं. माझ्या रजिस्टरात एकूण ३१. शॉपमधली पोरं १२, बायको ७, मुलगी ३, रस्त्यावरचे ५, वॉचमन, कुरिअरवाला वगैरे ४.

कस्टमर: शून्य.

मी परत मोजलं. शून्यच. आता हा पर्चेसवाला माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पेमेंट नव्वद दिवसांनी करतो, फोनवर ‘अरे यार काय तुम्ही लोक’ म्हणतो, आणि त्याच्याशी बोलताना मी एकदाही आवाज चढवलेला नाही. जीएसटीच्या कामाला जातो तिथल्या साहेबावर नाही, बँकेच्या मॅनेजरवर नाही. म्हणजे राग अनावर होतो, माझ्या हातात राहत नाही, हे जे मी आयुष्यभर सांगितलं ते साफ खोटं. माझा राग अगदी व्यवस्थित हातात असतो. पाण्यासारखा उतार बघून वाहतो.

वही मिटवून बराच वेळ अंधाऱ्या शॉपमध्ये बसलो. हे लिहायलासुद्धा लाज वाटतेय, पण या कामात मला सापडलेली हीच एक कामाची गोष्ट आहे, बाकी सगळं आजूबाजूचं. कोणी करणार असेल तर महिनाभर थांबू नका, आठवड्यातच ‘कोणावर’चा रकाना मोजा.

१० फेब्रुवारी, सोमवार

रागाला ब्रेक आहे हे कळलं, मग तो कस्टमरपुढे कसा लागतो ते बघायचं ठरवलं. आज त्याचा फोन आला तेव्हा लक्ष जबड्यावर ठेवलं. सगळं तसंच होतं! जबडा, कान, पोट, वाक्य पण तयार, फक्त तोंडातून “हो सर, बघतो सर”. म्हणजे राग गेलेला नसतोच, दाबून ठेवलेला असतो, आणि फोन ठेवल्यावर माझे पाय आपोआप शॉपकडे वळतात. १३ जानेवारीला हेच झालं होतं.

आज शॉपवर न जाता बेसिनपाशी गेलो. हात थरथरत होते. खिशात २० एमएमची पिन होती ती मायक्रोमीटरने पाच वेळा मोजली, रीडिंगमध्ये एक शतांशाचा फरक. रॅचेट न वापरता थिंबल, म्हणजे फिरवायची मूठ, आवळत होतो. रॅचेट त्यासाठीच असतो, दाब पुरेसा झाला की कट-कट करून निसटतो, पुढे आवळू देत नाही. पोरांना मी हे शिकवतो, वर ओरडतो पण. पंधरा मिनिटांनी परत मोजलं, पाचही सारखे.

नियम: कस्टमरचा फोन झाला की हात कानाला लावायचा. कान गरम आहेत तोवर शॉपवर पाऊल नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णा नऱ्ह्यात एका शॉपला लागलेत असं कळलं. सुट्टीच्या वेळी तिथल्या टपरीवर गाठलं. दोन कटिंग सांगितले आणि म्हटलं, “अण्णा, त्या दिवशी जरा जास्तच झालं, सकाळपासून टेन्शन होतं, तुम्हाला तर माहितीये माझा स्वभाव.” ते बराच वेळ चहा पीत राहिले. मग म्हणाले, “धाकटे शेठ, बोललात चार माणसांत आणि हे इथे टपरीवर होय? शिव्या तर मोठे शेठपण द्यायचे. पण ते अहो-जाहो सोडून कधी बोलले नाहीत. तुम्ही अरे-तुरे केलंत.”

मला आठवतच नव्हतं. १३ जानेवारीची नोंद काढून बघितली, मीच लिहिलंय, ‘तुला दिसत नाही का’. लिहितानासुद्धा खटकलं नव्हतं.

आणि खरं लिहायचं तर त्या क्षणी मला रागच आला. मी स्वतः इतक्या लांब आलो, चहाचे पैसे मी दिले, अजून काय पाहिजे. कान गरम. पाचवा रकाना: मोठेपणा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

धायरी फाट्यावर राँग साइडने आलेल्या पोराने गाडीला हँडल घासलं. ओरखडा एवढासा. तो म्हणाला, “काका, जरा बाजूला घ्या ना.” मी उतरून त्याला जे ऐकवलं त्यात ओरखडा एकदाच आला, काका चार वेळा. नोंद केली. पाचवा रकाना परत तरुणपण, पर्वतीवाला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मुलगी सायकॉलॉजी शिकते, तिने सांगितलं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये आठ आठवड्यांचा कोर्स काढला, दुखणी आणि ताण असलेल्या पेशंटसाठी, त्यात पाऊण तास झोपून पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत एकेका भागावर लक्ष न्यायचं. आठवडाभर केलं. सातपैकी चारदा गुडघ्यापाशी पोचायच्या आत घोरलो. तरी एक फायदा, जबडा दिवसभर किती आवळलेला असतो ते कळलं, राग नसताना पण. दाढेच्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं, तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं तुमचं काहीतरी चुकतंय.

बदली सेटर बंद केला. १,४०० रोज, नऊ दिवस, १२,६००, वर तीन इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टोकं, तोडले ते २,१०० चे. स्क्रॅप आणि ॲप धरून आजवर ४८,०९९ रुपये. सेटिंग आता मीच करतोय, रात्री नऊपर्यंत. अण्णा जे काम चाळीस मिनिटांत करायचे त्याला मला दोन तास लागतात. सेटिंग मला त्यांच्यापेक्षा बरं येतं असं मी कस्टमरला सांगत आलोय.

८ मार्च, शनिवार

अण्णा हिशेब घ्यायला आणि त्यांचा स्वतःचा मायक्रोमीटर न्यायला आले. शनिवार म्हणजे पगाराचा दिवस, सगळी पोरं होती. बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात वाक्य आलं, ‘या अण्णा, आत केबिनमध्ये बसू’. जबडा घट्ट होता म्हणून वाक्याचा संशय आला. केबिनला दार आहे, म्हणून केबिन.

सीएनसीपाशीच उभा राहिलो, १३ तारखेला होतो तिथे. कॉम्प्रेसर चालू होता, क्षणभर वाटलं राहू दे चालू, मग जाऊन बंद केला. म्हटलं, “अण्णा, १३ जानेवारीला नवीन रिव्हिजनची प्रिंट मी काढली नव्हती. १४० नग माझ्यामुळे गेले. आणि तुम्हाला अरे-तुरे केलं, ते चुकलं.” पुढे टेन्शनचं आणि पर्चेसवाल्याचं एक वाक्य तयार होतं, जिभेवर आलेलं, ते गिळलं. गुडघे कापत होते. पोरं जमिनीकडे बघत होती.

अण्णांनी मायक्रोमीटर फडक्याने पुसला, डबीत ठेवला. “बरं,” म्हणाले. मग दारातून, “प्रिंटवर तारीख टाकत जा, धाकटे शेठ. जुनी प्रिंट मशीनवर ठेवू नका.”

परत येणार नाहीत. नऱ्ह्यात दोन हजार जास्त मिळतात आणि घरापासून जवळ पडतं. हे त्यांनी बाहेर पोरांना सांगितलं, विचारायची हिंमत मला झालीच नाही.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

सोसायटीतल्या पोरांनी धुतलेल्या गाडीवर रंगाचे फुगे मारले. त्यातला एक चेअरमनचा मुलगा. मी वॉचमनवर ओरडलो. उतार!

अर्ध्या तासाने कान गार झाल्यावर खाली गेलो आणि सगळ्या पोरांसमोर वॉचमनची माफी मागितली. तो बिचारा इतका अवघडला की खुर्ची सोडून उभा राहिला, हात जोडायला लागला. मला मात्र आतून फार बरं वाटत होतं, पोरं बघतायत, वरच्या गॅलरीतून कोणीतरी बघतंय. घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं. ती भांडी लावत होती, वळली पण नाही. “आता माफी मागायचा पण माज आलाय तुम्हाला.”

पाचव्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना. ‘नम्रपणा’ लिहिलं.

२७ मार्च, गुरुवार

शॉपमध्ये केलेले बदल, कोणाला उपयोगी पडले तर. ड्रॉइंगची मेल आता सुपरवायझर पोराला पण जाते. प्रिंटवर तारखेचा शिक्का, २८० रुपये. जुनी प्रिंट मशीनवरून काढून फाडायची, ती कोण फाडतो त्याची सही. आणि रिजेक्शन झालं की आधी रजिस्टर लिहायचं, बोलायचं नंतर. लिहायला पाच मिनिटं जातात, तेवढ्यात कान निम्मे गार होतात. नव्या पोराने परवा ११ नग घालवले, मी लिहायला बसलो तर तो शेजारी उभा राहून स्वतःच सांगायला लागला, ऑफसेट कुठे चुकला ते. दोन महिन्यांपूर्वी त्याने लपवले असते. लपवलेले किती असतील याचा हिशेब माझ्याकडे नाही.

बसणं आठवड्यातून चार-पाच दिवस होतं. वीसची पंधरा मिनिटं झालीत.

५ एप्रिल, शनिवार

रागाच्या वेळी जबडा आधी कळतो असं आता दहातून चार वेळा होतं. त्या चारातही दोनदा कळून-सवरून ओरडलो. पर्चेसवाल्याला पहिल्यांदा साध्या आवाजात सांगितलं की फोनवर ‘तुम्ही लोक’ म्हणू नका, आणि पेमेंटचं काय ते लेखी कळवा. तो जरा थांबला, मग “ओके सर” म्हणाला. पेमेंट अजून आलेलं नाही.

आठवड्याचा आकडा माझा ५, हिचा ६. मी म्हटलं सहावा कुठला, मला दाखव बरं. जरा जोरात म्हटलं असावं, तिने पेनाचं टोपण काढलं आणि ७ केला.